फ्रेंच आणि चिनी: महाविद्यालयाच्या वर्षांत शून्यापासून प्रगत पातळीपर्यंत

अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी दुसरी भाषा म्हणून फ्रेंच निवडणाऱ्यांची महाराष्ट्रात वाण नाही. त्यांतील बहुतेकांची निवड भाषेच्या ओढीने नव्हे, तर मराठी-हिंदीपेक्षा फ्रेंचमध्ये गुण अधिक पडतात या हिशेबाने झालेली असते, आणि बारावीचा शेवटचा पेपर संपला की ती भाषा वह्यांबरोबर रद्दीत जाते. चिनीची गोष्ट वेगळी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेत शिकवता येण्याजोग्या परदेशी भाषांची उदाहरणे देताना फ्रेंच, जर्मन, जपानी, कोरियन यांची नावे आली. आधीच्या मसुद्यात असलेली चिनी मात्र अंतिम धोरणातून गळली. त्यामुळे चिनी शिकणारा विद्यार्थी बहुधा महाविद्यालयात आल्यावरच, आणि बहुधा स्वतःच्या हट्टाने, तिच्याकडे वळतो.

या दोन्ही भाषा आपल्याकडे इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून शिकवल्या जातात. ज्या गोष्टी इंग्रज विद्यार्थ्याला अवघड जातात त्या अवघड म्हणूनच आपल्यापुढे ठेवल्या जातात, आणि त्यांपैकी निम्म्याअधिक गोष्टी आपण मराठीत रोज करतो हे कोणी सांगत नाही. पुढील मार्गदर्शनाचा मुख्य आधार हाच आहे: पुस्तक इंग्रजी असले तरी तुलना मराठीशी करावी.

पायरी पहिली: तासांचा हिशेब

अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना कामापुरती फ्रेंच येण्यासाठी साधारण ६०० ते ७५० तासिका आणि चिनी येण्यासाठी २,२०० तासिका धरते. आपल्या विद्यापीठांत एका श्रेयांकाला साधारणपणे १५ तासिका असतात, म्हणजे चार श्रेयांकांचा विषय घेतला तर एका सत्रात ६० तास मिळतात. तीन वर्षांच्या सहाही सत्रांत तो विषय मिळाला, जे क्वचितच घडते, तरी बेरीज ३६० होते. फ्रेंचसाठी हे अर्धे अंतर आहे आणि चिनीसाठी जेमतेम सहावा हिस्सा.

हा आकडा घाबरवण्यासाठी दिलेला नाही. वर्गातील एका तासामागे फ्रेंचला घरी किमान एक आणि चिनीला किमान दोन तास द्यावे लागतील, एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि हे तास रविवारी एकगठ्ठा देऊन चालत नाहीत, रोज द्यावे लागतात. ज्याला रोज दीड तास काढणे शक्य नाही त्याने दोन्हींपैकी एकच भाषा घ्यावी, हे मी निःसंकोचपणे सांगतो.

पायरी दुसरी: शिकण्याचे ठिकाण

फ्रेंचसाठी महाराष्ट्रात निवड भरपूर आहे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे आणि पदवीचे इतर शिक्षण चालू असताना तेथे टप्प्याटप्प्याने पुढे जाणारे अर्धवेळ अभ्यासक्रम करता येतात. मुंबई विद्यापीठात स्वतंत्र फ्रेंच विभाग आहे. मुंबई आणि पुणे येथील आलियाँस फ्राँसेज या फ्रेंच भाषा-संस्कृती संस्थेत ए१ या सर्वांत पहिल्या पातळीपासून वरच्या पातळ्यांपर्यंतचे (ए२, बी१, बी२ आणि पुढे) वर्ग चालतात. माझ्या मते विद्यापीठातील अभ्यासक्रम व्याकरण आणि वाचन पक्के करतात, तर आलियाँससारख्या ठिकाणी तोंड लवकर उघडते. शक्य असेल त्याने पहिल्या दोन पातळ्या एका ठिकाणी आणि पुढच्या दुसऱ्या ठिकाणी कराव्यात.

चिनीसाठी मात्र पूर्ण पदवी हवी असेल तर बहुधा राज्याबाहेर पाहावे लागते. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ शून्यापासून चिनी शिकवून बी. ए. ऑनर्स देते आणि तेथील प्रवेश केंद्रीय सामायिक परीक्षेतून होतो. शांतिनिकेतनातील चीना भवन १९३७ साली सुरू झाले. भारतातील चिनी अध्ययनाचे ते सर्वांत जुने केंद्र मानले जाते. महाराष्ट्रात राहूनच शिकायचे असेल तर प्रमाणपत्र-पदविका पातळीचे वर्ग आणि खासगी शिकवण्या हाच मुख्य मार्ग उरतो. तेथे नाव नोंदवण्यापूर्वी शिक्षकाला एकच प्रश्न विचारावा: पहिल्या महिन्यात सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, किती तास शिकवणार? ‘ते हळूहळू येतील’ असे उत्तर मिळाले तर दुसरा वर्ग शोधावा.

पायरी तिसरी: दोन्ही एकाच जूनमध्ये सुरू करू नयेत

ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या वर्षाच्या जूनमध्ये दोन्ही वर्गांत नाव घातले, आणि दिवाळीपर्यंत अशी अवस्था झाली की चिनीच्या तासाला होकार देताना तोंडातून फ्रेंच ‘वी’ बाहेर पडे. डोक्यात जणू ‘परकी भाषा’ नावाचा एकच कप्पा असतो, आणि दोन कच्च्या भाषा त्यात टाकल्या की त्या एकमेकींत मिसळतात. एक भाषा थोडी मुरल्यावरच दुसरी आत घ्यावी.

फ्रेंच ए२ पर्यंत, म्हणजे साधा भूतकाळ सहज वापरता येईपर्यंत, नेऊन मग चिनी सुरू करणे बहुतेकांना सोयीचे पडते. ज्याने अकरावी-बारावीला फ्रेंच घेतली आहे त्याने पदवीच्या पहिल्या वर्षी ती उजळून दुसऱ्या सत्रात चिनीला हात घालावा. ज्याला चिनीत पदवीच घ्यायची आहे त्याने क्रम उलटा करावा: आधी दोन वर्षे फक्त चिनी, मग फ्रेंच. दोन्ही चालू झाल्यावर चिनी सकाळी आणि फ्रेंच संध्याकाळी, असे वेळेचे कुंपण घालावे. वह्यांचे रंगही वेगळे ठेवावेत. ऐकायला बाळबोध वाटते, पण उपयोग होतो.

पायरी चौथी: कान आणि जीभ

पहिल्या सहा आठवड्यांत शब्दसंग्रह वाढला नाही तरी चालेल, उच्चार बसले पाहिजेत. येथे मराठी विद्यार्थ्याच्या हातात हुकमाचे पत्ते आहेत आणि इंग्रजी पुस्तकामुळे तो ते टाकून देतो.

चिनी रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीला पिन्यिन म्हणतात. ती १९५८ मध्ये अधिकृत झाली. पिन्यिनमधील अक्षरे इंग्रजीप्रमाणे वाचणे ही पहिली घोडचूक. तेथे ‘बी’ हे अक्षर ‘ब’ नसून ‘प’ आहे आणि ‘पी’ हे ‘फ’ आहे, मात्र दोन्ही ओठ मिटून काढलेला, ‘फळ’ मधला खरा ‘फ’. त्याचप्रमाणे ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे ‘त’ आणि ‘थ’. ‘जी’ आणि ‘के’ म्हणजे ‘क’ आणि ‘ख’. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद इंग्रज विद्यार्थ्याला तोंडापुढे कागद धरून शिकवावा लागतो. आपल्याकडे तो बाराखडीतच आहे. चीनच्या राजधानीला आपली वृत्तपत्रे रोमन स्पेलिंगवरून बीजिंग म्हणतात, पण चिनी माणूस म्हणतो ते ‘पेइचिंग’च्या कितीतरी जवळ आहे. जुन्या मराठी पुस्तकांतील ‘माओ त्से-तुंग’ हे लेखनही आजच्या रोमन स्पेलिंगवरून वाचलेल्या नावापेक्षा व्यंजनांच्या बाबतीत अधिक बरोबर होते.

याहून मोठी देणगी म्हणजे मराठीचे दोन ‘च’. ‘चहा’ मधला ‘च’ आणि ‘चमचा’ मधला ‘च’ वेगळे आहेत हे आपल्याला कोणी शिकवले नाही, तरी आपण ते कधी चुकत नाही. पिन्यिनमधील ‘जे’ हा चहाचा ‘च’ आहे आणि ‘झेड’ हा चमच्याचा ‘च’. ‘क्यू’ म्हणजे ‘छ’, आणि ‘सी’ म्हणजे चमच्याच्या ‘च’ मध्ये हकार मिसळल्यावर जे होईल ते. ‘एक्स’ हा तालव्य ‘श’ आणि ‘एसएच’ हा जीभ मागे वळवून काढलेला ‘ष’. शाळेत ‘पोटफोड्या ष’ म्हणून जे अक्षर आपण लिहितो पण उच्चारत नाही, त्याचा उच्चार येथे उपयोगी पडतो.

सूर ही मात्र नवी गोष्ट आहे. पहिला सूर वर आणि सपाट, तानपुऱ्यावर वरचा सा धरून ठेवावा तसा. दुसरा खालून वर चढणारा, फोनवर ऐकू आले नाही की आपण ‘हं?’ म्हणतो तसा. तिसरा खालच्या पट्टीत राहणारा. पुस्तकात तो खाली जाऊन वर येताना दाखवतात, पण वाक्यात तो बहुतेक वेळा नुसता खालीच राहतो. चौथा वरून धाडकन पडणारा, रागावून ‘बस!’ म्हणावे तसा. यांशिवाय एक हलका, सूर नसलेला उच्चार आहे. ‘माय’ तिसऱ्या सुरात म्हटले तर विकत घेणे आणि चौथ्या सुरात म्हटले तर विकणे; ‘थांग’ पहिल्या सुरात सूप आणि दुसऱ्या सुरात साखर. बाजारात चूक महाग पडू शकते हे यावरून समजावे. शब्द पाठ करताना सूर शब्दाला ‘जोडलेला’ आहे असे न समजता तो शब्दाचा भाग आहे असे समजावे. शिवाय सुरांचाही संधी होतो: दोन तिसरे सूर लागोपाठ आले तर पहिला दुसऱ्यात बदलतो. ‘नी हाव’ या पहिल्याच दिवशी शिकवल्या जाणाऱ्या अभिवादनात हे घडते, पण लिहिताना तो बदल दाखवत नाहीत. त्यामुळे सूर सुटे पाठ करण्यापेक्षा दोन-दोन अक्षरांच्या जोड्या पाठ कराव्यात. चार सुरांच्या सोळा जोड्या होतात. प्रत्येकीसाठी एक नेहमीचा शब्द निवडून ती सोळा शब्दांची माळ महिनाभर रोज सकाळी मोठ्याने म्हणावी.

फ्रेंचमध्ये ‘प’, ‘त’, ‘क’ हे आपल्यासारखेच स्वच्छ, हकार नसलेले आहेत. इंग्रजी माध्यमातून आलेले विद्यार्थी ‘टाब्ल’ म्हणतात. म्हणायला हवे ‘ताब्ल’, दाताला जीभ लावून. अनुनासिक स्वर, म्हणजे ‘न’ किंवा ‘म’ न उच्चारता नुसता नाकातून जाणारा स्वर, पुणेकराला प्रयत्नाने येतो, पण ज्याच्या घरी मालवणी किंवा कोकणी बोलतात त्याला तो ‘हांव’ सारख्या शब्दांमुळे आधीच ठाऊक असतो. फ्रेंच ‘र’ घशाच्या मागून येतो. ‘ग़ज़ल’ हा शब्द उर्दू जाणणारा गायक ज्या ‘ग़’ ने सुरू करतो, तेथून सुरुवात करावी.

एक स्वर दोन्ही भाषांत समान आहे: ओठ ‘ऊ’ चे आणि जीभ ‘ई’ ची. फ्रेंच ‘त्यु’ (तू) या सर्वनामात तो आहे आणि स्त्री या अर्थाच्या चिनी शब्दातही. आरशासमोर ‘ई’ म्हणत म्हणत जीभ न हलवता ओठ गोल करावेत. एकदा बसला की दोन भाषांचे काम होते.

पायरी पाचवी: व्याकरण मराठीतून

फ्रेंच नामांच्या लिंगांबद्दल इंग्रजी पुस्तके फार हळहळतात. टेबलाला लिंग कसले, असा प्रश्न मराठी माणसाला पडत नाही. खुर्ची ती, दरवाजा तो, टेबल ते, आणि यामागे तर्क शोधायचा नसतो. विशेषणही नामाप्रमाणे बदलते हे ‘मोठा, मोठी, मोठे’ म्हणणाऱ्याला नवे नाही. धोका एवढाच की मराठीचे लिंग उसने नेऊ नये: आपला समुद्र आणि चंद्र पुल्लिंगी आहेत, फ्रेंचमध्ये दोन्ही स्त्रीलिंगी. म्हणून नाम नेहमी उपपदासह, ‘ला ताब्ल’, ‘ल लिव्र’ असेच लिहावे आणि तसेच पाठ करावे. एकेरी ‘त्यु’ आणि आदरार्थी ‘वू’ हा भेद तर आपल्या तू-तुम्हीचाच आहे.

खरी गंमत भूतकाळात आहे. फ्रेंचमध्ये जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा मोजक्या अकर्मक क्रियापदांचा भूतकाळ ‘असणे’ या साहाय्यक क्रियापदाने होतो आणि तेथे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते. जसे आपण ‘तो गेला’ आणि ‘ती गेली’ म्हणतो. उरलेली बहुतेक क्रियापदे ‘जवळ असणे’ या अर्थाचे साहाय्यक घेतात, आणि तेथे कर्म आधी आले तर क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. ‘तिने लिहिलेली चिठ्ठी’ याच्या फ्रेंच रूपात ‘लिहिलेली’ हे स्त्रीलिंगी होते, कारण चिठ्ठी स्त्रीलिंगी आहे. फ्रेंच मुलांनाही चुकवणारा हा नियम ‘तिने चिठ्ठी लिहिली, तिने निबंध लिहिला’ असे बोलणाऱ्या मुलाला अर्ध्या तासात पटतो, जर कोणी तो या वाटेने सांगितला तर.

दुसरी अडचण दोन भूतकाळांची. ‘काल आजोळी गेलो’ आणि ‘लहानपणी सुट्टीत आजोळी जायचो’ यांतील भेद ज्याला कळतो, त्याला फ्रेंचमधील पूर्ण आणि अपूर्ण भूतकाळ वेगळे शिकवावे लागत नाहीत. ‘जायचो’ किंवा ‘जात होतो’ असे वाटले की अपूर्ण, ‘गेलो’ असे वाटले की पूर्ण. बी१ च्या आसपास येणारा आणि वर्गाची दाणादाण उडवणारा सब्जाँक्तीफ हा क्रियापदाचा रूपप्रकारही आपल्या ‘-वे’ या विध्यर्थी रूपाचा चुलतभाऊ आहे. ‘तो येईल असे मला वाटते’ येथे साधे रूप, पण ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ येथे ‘यावे’. फ्रेंचही नेमक्या याच दोन जागी दोन वेगळी रूपे वापरते. साम्य सगळीकडे टिकत नाही, पण पहिली दहा-बारा वाक्ये या आधाराने सुटतात.

अंकांपाशी फ्रेंच थोडा छळ करते. ऐंशी म्हणजे ‘चार विसा’ आणि सत्त्याण्णव म्हणजे ‘चार विसा सतरा’. गावाकडच्या आजीकडून विसांत मोजणे ऐकलेले असेल तर हे ओळखीचे वाटेल. आणि ज्याने एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी पाठ केले त्याने तक्रार करण्याचा हक्क गमावलेला आहे.

चिनी व्याकरणात रूपे नाहीत, लिंग नाही, विभक्ती नाही; सारा भार शब्दांच्या क्रमावर आहे. क्रियापद आणि कर्म यांचा क्रम इंग्रजीसारखा आहे, पण त्याआधीचा सारा भाग मराठीसारखा चालतो. ‘मी उद्या घरी जेवतो’ या वाक्यात आधी काळ, मग स्थळ, मग क्रिया येते. चिनी वाक्यही तसेच. ‘मी विकत घेतलेले पुस्तक’ या रचनेत पुस्तकाचे सगळे वर्णन पुस्तकाच्या आधी येते. चिनीत ‘मी-विकत घेणे-त-पुस्तक’ असे म्हणतात, आणि तो हलक्या उच्चाराचा ‘त’ आपल्या ‘-लेले’ चे काम करतो. इंग्रजीतून विचार करणारा येथे वाक्य उलटे करण्यात दमतो.

‘ल’ या छोट्या शब्दावर इंग्रजी पुस्तके पानेच्या पाने खर्च करतात. दार वाजल्यावर आतून आपण ‘आलो, आलो!’ ओरडतो तेव्हा आपण अजून आलेलो नसतो. पहिला थेंब पडताच ‘पाऊस आला!’ म्हणतो. चिनी माणूसही दाराकडे जाताना ‘लाय ल!’ म्हणतो आणि पावसाबद्दलही ‘ल’ लावूनच बोलतो. भूतकाळ नव्हे, परिस्थिती बदलली एवढेच सांगायचे असते.

मोजताना चिनीत संख्या आणि नाम यांच्यामध्ये मापशब्द लागतो. आपल्याकडे ‘चार जण’, ‘सहा नग’, ‘दोन जुड्या’ आहेत. तेथे प्रत्येक नामाला तसा शब्द हवा, सपाट वस्तूंना एक, लांबट वस्तूंना दुसरा, पुस्तकांना तिसरा. नामाबरोबरच तो पाठ करावा, फ्रेंच उपपदासारखा. नात्यांचे शब्द मात्र आपल्याला घरचे वाटतील, कारण चिनीतही आत्या, मावशी, मामा वेगळे असतात. काका तर वडिलांपेक्षा मोठा की धाकटा यावरून दोन. मोठ्या संख्यांसाठी एककच वेगळे आहे: ‘वान’ म्हणजे दहा हजार, म्हणून एक लाख म्हणजे दहा वान, आणि ‘ई’ म्हणजे दहा कोटी. लाख-कोटीतून थेट वान-ईमध्ये जावे. मध्ये मिलियन आणले की घोटाळा होतो.

पायरी सहावी: चिनी चिन्हे

चिन्हे ही स्वतंत्र चित्रे आहेत अशा समजुतीने पाठ करू लागलेला विद्यार्थी दोनशेव्या चिन्हाच्या आसपास हात टेकतो. काही चिन्हे चित्रे आहेत हे खरे: एक झाड म्हणजे झाड, दोन झाडे म्हणजे राई, तीन झाडे म्हणजे घनदाट अरण्य, सूर्य आणि चंद्र शेजारी मांडले की प्रकाशमान. पण बहुसंख्य चिन्हांत एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो आणि दुसरा उच्चाराकडे. ‘छिंग’ असा उच्चार असलेले एक चिन्ह घ्या. त्याला पाण्याचा अंश जोडला की निर्मळ, वाणीचा जोडला की ‘कृपया’ किंवा विनंती करणे, हृदयाचा जोडला की भावना, सूर्याचा जोडला की निरभ्र आकाश. चारही शब्दांचा उच्चार ‘छिंग’, फक्त सूर बदलतात. अशी कुटुंबे शोधून वहीच्या एका पानावर एक कुटुंब मांडावे. १७१६ च्या खांग्शी शब्दकोशाने वापरलेले २१४ मूलांश, म्हणजे चिन्हांचे मूळ घटक, परंपरेने प्रमाण मानले जातात. त्यांपैकी साठ-सत्तर नेहमी भेटतात आणि तेवढेच आधी शिकावेत.

रोज पाच नवी चिन्हे पुरेत, पण जुन्यांची उजळणी चुकता कामा नये. अँकीसारखे ॲप वाढत्या अंतराने उजळणी करून घेते, आणि प्लेको हा शब्दकोश फोनवर असावाच. पहिली तीन-चारशे चिन्हे रेघांच्या योग्य क्रमाने, चौकोनी घरांच्या वहीत, हाताने लिहावीत. त्यापुढे प्रत्येक चिन्ह हाताने येण्याचा आग्रह मी धरणार नाही; चिनी लोकही आज बहुतेक लेखन पिन्यिन टंकून करतात. लिपी सोपी निवडावी की पारंपरिक, याचे उत्तर कुठे जायचे यावर अवलंबून आहे: चीनमध्ये सोपी, तैवानमध्ये पारंपरिक. नक्की नसेल तर सोपीपासून सुरुवात करावी. पिन्यिनची कुबडी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काढून टाकावी. पानावर वर पिन्यिन आणि खाली चिन्हे असली की डोळा वरच्याच ओळीवर राहतो.

पायरी सातवी: परीक्षा

महाविद्यालयाच्या गुणपत्रिकेला बाहेर फारशी किंमत नाही, म्हणून दरवर्षी एक बाहेरची परीक्षा द्यावी. फ्रेंचसाठी डेल्फच्या ए१, ए२, बी१, बी२ आणि त्यापुढे डाल्फच्या सी१, सी२ अशा पातळ्या आहेत. डेल्फमध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ५० आणि प्रत्येक भागात किमान ५ गुण लागतात. हे प्रमाणपत्र आयुष्यभर वैध राहते. माझ्या मते ए१ ची परीक्षा वगळून थेट ए२ द्यावी, शुल्क वाचते. बी२ ला मात्र सहा महिने आधीपासून तयारी करावी, कारण तेथे तासाभरात किमान २५० शब्दांचा मुद्देसूद मजकूर लिहायचा असतो आणि तोंडी परीक्षेत मत मांडून त्याचा बचाव करायचा असतो. गाइडमधील उत्तरे पाठ करून बारावीला नव्वद गुण मिळवलेले विद्यार्थी येथे प्रथमच अडखळतात. कॅनडाला स्थायिक होण्याचा विचार असेल तर तेथे टीईएफ किंवा टीसीएफ यांच्या कॅनडासाठीच्या परीक्षा लागतात आणि त्यांचे निकाल दोन वर्षेच चालतात.

चिनीसाठी एचएसके ही परीक्षा आहे. २०१० च्या रचनेत तिच्या सहा पातळ्या असून त्यांसाठी अनुक्रमे १५०, ३००, ६००, १,२००, २,५०० आणि ५,००० शब्द अपेक्षित होते. २०२१ मध्ये नऊ पातळ्यांचे आणि एकूण ११,०९२ शब्दांचे नवे मानक आले, म्हणून पुस्तक घेताना आणि नोंदणी करताना कोणत्या रचनेनुसार परीक्षा आहे ते पाहावे. जुन्या रचनेत पहिल्या दोन पातळ्यांत लेखन नसते आणि प्रश्नपत्रिकेत पिन्यिन छापलेले असते. तिसरीपासून हा आधार सुटतो, म्हणून दुसरी आणि तिसरी यांमध्ये पूर्ण वर्ष गेले तरी वाईट वाटून घेऊ नये. बोलण्याची परीक्षा वेगळी असून तिला एचएसकेके म्हणतात. तैवानची परीक्षा टॉकफल या नावाची आहे आणि तेथे भाषा शिकण्यासाठी ह्वायू शिष्यवृत्ती मिळते; पदवीनंतर वर्षभर भाषेच्या प्रदेशात राहण्याचा हा एक मार्ग आहे.

पायरी आठवी: पठार आणि त्यापुढे

फ्रेंचमध्ये बी१ नंतर आणि चिनीमध्ये चौथ्या पातळीनंतर एक पठार लागते. बोलता येते, पण रोज तेच दोनशे शब्द फिरत राहतात. पाठ्यपुस्तके येथे फार मदत करत नाहीत. एखादा विषय हाताशी धरावा लागतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने फ्रेंचमधील अर्थविषयक बातम्या, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीने त्या विषयाचा मजकूर वाचावा. आरएफआय या फ्रेंच रेडिओचे सोप्या फ्रेंचमधील बातमीपत्र शब्दांकनासह मिळते. दहा मिनिटे ऐकावे, मग वाचावे, मग निवेदकाबरोबर मोठ्याने म्हणावे. सी१ ला संक्षेपलेखन असते: अनेक लेख वाचून त्यांतील विचार एकत्र, आपल्या शब्दांत आणि स्वतःचे मत अजिबात न घालता मांडायचे. आपल्या विद्यार्थ्यांना मत घालू नये हीच अट सर्वांत जड जाते.

चिनीत प्रगत पातळीवर चार चिन्हांची सुभाषितवजा पदे समोर येतात आणि त्यांच्याशिवाय वृत्तपत्र उमगत नाही. त्यांतील काही आपल्याला फोड न करता कळतील. ‘विहिरीच्या तळाचा बेडूक’ म्हणजे आपला कूपमंडूकच. ‘गायीपुढे वीणा वाजवणे’ म्हणजे गाढवापुढे वाचली गीता. वहीत त्यांच्यासमोर इंग्रजी अर्थ न लिहिता मराठी म्हण लिहावी; ती कायमची लक्षात राहते.

एवढ्या वरच्या पातळीवर मराठी माणूस पोहोचू शकतो का, याला दोन जुनी उत्तरे आहेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धाच्या धामधुमीत चिनी शिकले आणि डिसेंबर १९४२ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले होते. फर्ग्युसन महाविद्यालयातील प्रा. पु. वि. बापट पालीचे अभ्यासक. त्यांनी प्राचीन बौद्ध ग्रंथाच्या चिनी रूपाचे एका जपानी विद्वानाबरोबर केलेले इंग्रजी भाषांतर १९७० मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केले. एकाला रुग्णांसाठी भाषा हवी होती, दुसऱ्याला ग्रंथासाठी.

पदवी मिळाल्यावर दोन्ही भाषा टिकवायच्या असतील तर आठवड्याचे वाटप असे ठेवावे: जिच्यावर पोट चालते तिला वेगळा वेळ लागत नाही, दुसरीला रोज वीस मिनिटे द्यावीत. फ्रेंच सहा महिने पडून राहिली तर पंधरवड्यात परत येते. चिनी चिन्हे मात्र तेवढी थांबत नाहीत. लेखन आधी जाते, मग सूर, आणि वाचन सर्वांत शेवटी. म्हणून वीस मिनिटांतली दहा मोठ्याने वाचण्याला द्यावीत.